बेव्हेलचं काय चुकलं?

२६ सेकंद शिल्लक. चेंडू गोलरेषेपासून एक यार्डावर, म्हणजे जेमतेम दोन हातांवर. हाताशी तीन प्रयत्न, एक टाइमआऊट आणि मार्शॉन लिंच. लिंच असा गडी, की त्याला पाडायला दोघं-तिघं लागतात आणि तरी तो दोन पावलं पुढे जाऊनच पडतो. १ फेब्रुवारी २०१५, ॲरिझोनातलं ग्लेनडेल, अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना, ४९वा सुपर बोल. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिॲटल सीहॉक्स २४. लिंचच्या पोटात चेंडू कोंबायचा, त्याने मुसंडी मारायची आणि सलग दुसऱ्या वर्षी करंडक घरी न्यायचा, एवढंच काय ते बाकी होतं. सिॲटलच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरने, डॅरेल बेव्हेलने, पास सांगितला. क्वार्टरबॅक रसेल विल्सनने तो फेकला आणि माल्कम बटलर नावाच्या, तोवर फारसं कुणी ऐकलं नव्हतं अशा पोराने तो मधल्यामध्ये लाटला. खेळ खलास.

त्या क्षणापासून बेव्हेल कायमचा आरोपी झाला. समालोचक क्रिस कॉलिन्सवर्थने प्रक्षेपण चालू असतानाच, ही चाल आपल्या डोक्याबाहेरची आहे असं सांगून टाकलं. ‘सुपर बोलच्या इतिहासातली सर्वांत वाईट चाल’ हा शिक्का दुसऱ्या दिवशी बसला तो बसलाच. मी ती चाल पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे, आणि मला ती आवडते. आरोपपत्र चुकीच्या कलमाखाली लिहिलं गेलंय असं माझं स्पष्ट मत आहे. चालीत खोट होती, पण लोक बोट ठेवतात तिथे नव्हती. आणि बेव्हेलला झोडपण्याच्या नादात त्या रात्रीची सर्वांत देखणी गोष्ट बघायची राहूनच जाते, कारण ती पलीकडच्या बाजूने घडली होती.

आधी हे पद काय ते सांगायला हवं. अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमणाची माणसं वेगळी, बचावाची वेगळी, त्यांचे प्रशिक्षकही वेगळे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. या प्रयत्नाला डाऊन म्हणतात आणि दर डाऊनला नवी चाल लागते. ती निवडण्याचं काम बहुतेक संघांत ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचं. त्याच्या हातात हॉटेलच्या मेनूएवढा लॅमिनेट केलेला तक्ता असतो. तिसरा डाऊन आणि सात यार्ड असतील तर या चाली, गोलरेषेजवळ आलो तर या. चालीचं नाव रेडिओवरून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये जातं. दोन चालींमध्ये ४० सेकंदांचं घड्याळ लावलेलं असतं. त्यातले १५ उरले की रेडिओ आपोआप बंद पडतो. पुढे क्वार्टरबॅकने समोरची मांडणी बघायची, ठरलेलं ठेवायचं की बदलायचं ते बघायचं. म्हणजे कोऑर्डिनेटरचं राज्य २५ सेकंदांचं. त्यानंतर तोही प्रेक्षकच, फक्त जाब त्याला विचारला जातो. डोक्यावर मुख्य प्रशिक्षक असतो तो वेगळाच. इथे तो पीट कॅरल होता, पास टाकायचा हे त्यालाही मान्य होतं, आणि सामन्यानंतर त्याने सगळा दोष स्वतःकडे घेतला. कुणी तो त्याच्याकडे राहू दिला नाही.

या चालीतली अर्धी गंमत घड्याळात आहे. १ मिनिट ६ सेकंद उरलेले असताना सिॲटलच्या जर्मेन कर्सने एक अजब झेल घेतला. उताणा पडलेला असताना चेंडू त्याच्या पायांवरून उडाला, हातांवरून उडाला आणि शेवटी मुकाट्याने त्याच्या ताब्यात आला. सिॲटल पाच यार्डांवर. पुढच्याच चालीत लिंच चार यार्ड घुसला. न्यू इंग्लंडच्या डोंटा हायटावरने त्याला रेषेच्या अलीकडे कसाबसा लोळवला. घड्याळात मिनिटभर उरलंय आणि ते चालू आहे. अशा वेळी बचाव करणारा कुठलाही प्रशिक्षक टाइमआऊट घेतो. समोरचा गुण करणारच आहे, निदान उलट चढाई करायला आपल्याला वेळ उरावा, हा साधा हिशेब. न्यू इंग्लंडचा मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिककडे टाइमआऊट होते. त्याने घेतला नाही. तो मैदानापलीकडे सिॲटलच्या बाकाकडे नुसता बघत उभा राहिला. तिथे काहीतरी जुळत नाहीये असं आपल्याला दिसलं, असं त्याने नंतर सांगितलंय. मला त्या रात्रीचा सर्वांत धाडसी निर्णय विचाराल तर हा, काहीही न करण्याचा. तो फसला असता, तर बेलिचिकच्या गळ्यात आज काय काय अडकवलं गेलं असतं याची कल्पना करा.

घड्याळ २६ वर आलं. मधल्या काळात न्यू इंग्लंडने गोलरेषेवरची खास तुकडी आत पाठवली: आठ दांडगी माणसं आणि पास अडवणारे तीन कॉर्नरबॅक. सिॲटलने तीन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, आणले होते. लिंचसाठी वाट मोकळी करायला उरले पाच लाइनमन आणि एक टाइट एंड. सहांनी आठांना थोपवायचं आणि वर लिंचने आत शिरायचं. अशक्य नाही, पण सोशल मीडियावर वाटतं तेवढं सोपंही नाही. एक यार्डावरून लिंच हमखास जातो हीसुद्धा समजूतच. त्या हंगामात त्याने तिथून पाच वेळा धडक मारली होती आणि एकदाच टचडाऊन केला होता. उलट त्या हंगामात साऱ्या लीगमध्ये मिळून एक यार्डावरून शंभराहून अधिक पास टाकले गेले होते आणि बटलरने हात घालेपर्यंत त्यातला एकही इंटरसेप्ट झाला नव्हता.

आता गणित. तीन डाऊन, २६ सेकंद, एक टाइमआऊट. धाव अडली तर घड्याळ चालू राहतं, पास खाली पडला तर थांबतं. दुसऱ्या डाऊनला लिंच अडला की टाइमआऊट तिथेच खर्ची पडला. मग तिसऱ्यालाही धावून अडलात, तर बावीस जणांच्या ढिगातून उठून चौथी चाल लावेपर्यंत सामना संपलेला असण्याची भीती. म्हणजे तिसऱ्याला पासच टाकावा लागणार, आणि ते समोरच्यालाही पाठ असणार. तिन्ही प्रयत्न पदरात पाडून घ्यायचे तर मध्ये कुठेतरी एक पास घालावाच लागतो. तो दुसऱ्याच डाऊनला, समोरचे धाव अडवायला छाती काढून उभे असताना घातला, तर बिघडतं काय? पडला तर पाच-सहा सेकंद जातात, टाइमआऊट शाबूत राहतो आणि पुढचे दोन्ही डाऊन लिंचला मोकळे. हा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. कॅरलने पत्रकारांसमोर तो मांडलाही. फक्त बोलण्याच्या ओघात, हा डाऊन वाया घालवायचाच होता अशा अर्थाचं काहीतरी त्याच्या तोंडून गेलं. लोकांनी गणित सोडलं आणि ते शब्द धरले.

बेव्हेलला धावण्याचं वावडं होतं म्हणावं, तर त्या हंगामात धावून सर्वाधिक यार्ड मिळवणारा संघ त्याचाच होता.

मग प्रत्यक्ष चाल. विल्सन शॉटगनमध्ये, सेंटरपासून काही पावलं मागे. लिंच त्याच्या शेजारी. मैदानाच्या एका टोकाला डग बाल्डविन, त्याच्यासमोर डॅरेल रेव्हिस. खरा खेळ उजव्या टोकाला आहे. तिथे सिॲटलचे दोन रिसीव्हर एकामागे एक उभे राहिलेत: पुढे कर्स, त्याच्या पाठीशी रिकार्डो लॉकेट. या मांडणीला स्टॅक म्हणतात. चेंडू सुटताच कर्सने समोरच्या कॉर्नरबॅकच्या अंगावर जायचं आणि त्याला असा रेटायचा, की मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या बचावपटूच्या वाटेत आपल्याच माणसाची अडगळ व्हावी. तेवढ्यात लॉकेटने कर्सच्या आडून तिरकं आत शिरायचं. ही स्लँट. बचावपटू त्या अडगळीला वळसा घालून येईपर्यंत चेंडू लॉकेटच्या छातीवर विसावलेला असतो. सगळं मिळून दीड-दोन सेकंदांचं काम. क्वार्टरबॅकने विचार करायचाच नाही, चेंडू हातात आला की सोडायचा. कागदावर ही चाल निर्मळ आहे. लीगमधला प्रत्येक संघ ती खेळतो.

कर्ससमोर उभा होता ब्रँडन ब्राउनर. सहा फूट चार इंच उंचीचा हा कॉर्नरबॅक २०११ ते २०१३ सिॲटलकडेच होता; ‘लीजन ऑफ बूम’ म्हणून गाजलेल्या त्यांच्या बचावफळीतला. ही मंडळी काय करतात ते त्याने सरावात रोज बघितलेलं. स्टॅक दिसताच त्याने बटलरला सांगितलं, पुढच्याला मी धरतो, मागचा तुझा. ते पुन्हा बघताना मी चेंडूकडे बघतच नाही, ब्राउनरकडे बघतो. चेंडू सुटतो, कर्स अंगावर येतो आणि ब्राउनर त्याला दोन्ही हातांनी छातीवर धरून जागच्या जागी खिळवतो. एक इंच मागे हटत नाही. जिथे अडगळ व्हायला हवी होती तिथे सरळ, मोकळी गल्ली तयार झाली. हे कुणाच्या नावावर जमा होत नाही. आकडेवारीच्या कुठल्याच रकान्यात ब्राउनरचा हा क्षण नाही, आणि माझ्या मते सामना तिथे फिरला.

त्या गल्लीतून आला बटलर. वेस्ट अलाबामासारख्या आडबाजूच्या विद्यापीठातला, ड्राफ्टमध्ये एकाही संघाने न निवडलेला, एके काळी पोपाइजच्या दुकानात कामाला असलेला. मिनिटभरापूर्वी कर्सने तो अजब झेल घेतला तो याच्याच डोक्यावर. पण झेलानंतर उठून पळणाऱ्या कर्सला रेषेबाहेर ढकललं तेही यानेच, नाहीतर टचडाऊन तेव्हाच झाला असता. शेवटच्या क्षणी तिसरा कॉर्नरबॅक हवा म्हणून सेफ्टींचा प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेसने ओरडून त्याला आत पाठवलं. आणि सुपर बोलच्या तयारीत न्यू इंग्लंडच्या सरावात हीच चाल त्याच्यावर खेळली गेली होती. बेलिचिकचा जुना सहकारी अर्नी ॲडम्स समोरच्या संघाच्या आवडत्या चाली हुडकून काढायचा. त्यातली ही एक. सरावात बटलर फसला होता, वळसा घालून गेला होता आणि टचडाऊन खाल्ला होता. या वेळी दोघं एकामागे एक उभे दिसताच त्याला तो प्रसंग आठवला, असं त्यानेच सांगितलंय. वळसा घातला नाही. चेंडू विल्सनच्या हातून सुटेपर्यंत तो निघालाही होता, लॉकेटपेक्षा आखूड वाटेने, आणि त्या जागेवर लॉकेटच्या आधी पोचला. टक्कर झाली, लॉकेट मागे कोसळला, चेंडू बटलरच्या हातात राहिला. लीगमधलं त्याचं पहिलंच इंटरसेप्शन.

तेव्हा हा सामना कुणी घालवला असं विचारण्याआधी, कुणी कमावला हे विचारायला हवं. सरावात फसलेला पोरगा, जुन्या संघाचं गुपित जाणणारा ब्राउनर, घड्याळ वाहू देणारा बेलिचिक, चाली हुडकणारा ॲडम्स. एवढी माणसं एका क्षणावर नेमकी येऊन ठेपतात आणि आपण म्हणतो, बेव्हेल मूर्ख होता. बटलरच्या वाट्याचं श्रेय कापून बेव्हेलच्या वाट्याला दोष चिकटवलाय.

तरी बेव्हेलला मी निर्दोष सोडणार नाही. पास का टाकला हा प्रश्न फोल आहे; तोच पास का, हा खरा प्रश्न. त्या हंगामात विल्सनने स्वतः पायांनी ८४९ यार्ड काढले होते. असा क्वार्टरबॅक हाताशी असताना त्याला एका जागी उभं करून दीड सेकंदात चेंडू सोडायला लावणं म्हणजे त्याचं निम्मं बळ बांधून ठेवणं. त्याला बाजूला पळवला असता, तर फेक किंवा पळ किंवा प्रेक्षकांत भिरकाव, तिन्ही वाटा मोकळ्या होत्या, आणि तिसऱ्या वाटेत फक्त डाऊन गेला असता. स्लँट गर्दीत जाते. जिथे शरीरांवर शरीरं आदळतात तिथे चेंडू उडतो, कुणाच्याही हातात पडतो. पडला तर पडला असं म्हणायचं, तर पास असा हवा की तो एकतर आपला नाहीतर कुणाचाच नाही. आणि माणूस? लॉकेट हा मुख्यतः स्पेशल टीम्ससाठी ठेवलेला खेळाडू, रिसीव्हरांच्या रांगेत मागचा. अंगाला अंग भिडवून चेंडू हिसकावण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवली गेली. सामन्यानंतर बेव्हेलने, लॉकेटने चेंडूसाठी आणखी जोर लावायला हवा होता अशा अर्थाचं विधान केलं. हे मला त्या पासाहून जास्त खटकतं. निवड तुमची, तर मग निवडलेल्याच्या खांद्यावर ओझं कशाला?

याच बेव्हेलने त्याच रात्री केलेली आणखी एक गोष्ट कुणाला आठवत नाही. मध्यंतराला ३१ सेकंद असताना न्यू इंग्लंड १४-७ ने पुढे गेलं. सिॲटलने पाच चालींत ८० यार्ड कापले. ११ यार्डांवर आले तेव्हा घड्याळात सहा सेकंद होते. शहाणपण सांगत होतं, फील्ड गोल मारा, तीन गुण घ्या आणि आत जा. यांनी पास टाकला. टाकला कुणाकडे, तर क्रिस मॅथ्यूजकडे, ज्याने त्या दिवसापर्यंत लीगमध्ये एकही पास झेलला नव्हता. टचडाऊन, दोन सेकंद बाकी, १४-१४. मॅथ्यूजने त्या सामन्यात चार झेलांत १०९ यार्ड मिळवले. अनोळखी माणसावर भार टाकण्याची खुमखुमी दोन्हीकडे तीच, घड्याळाशी खेळणंही तेच. पहिल्याला हुशारी म्हटलं गेलं, दुसऱ्याला वेडेपणा. मॅथ्यूजकडे टाकलेला तो चेंडू जमिनीवर आपटला असता आणि वेळ संपली असती, तर बेव्हेलचा खटला दोन तास आधीच उभा राहिला असता.

आणि बचावाचं काय? तिसरं सत्र संपलं तेव्हा सिॲटल २४-१४ ने पुढे होतं. कोपऱ्यावरचा जेरेमी लेन पहिल्याच सत्रात न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा चेंडू पकडताना हात मोडून बाहेर गेला, पास रशर क्लिफ ॲव्हरिल डोक्याला मार लागून गेला. ब्रेडीने मग चौथ्या सत्रात दोन टचडाऊन काढले. इतकी नावाजलेली बचावफळी दहा गुणांची आघाडी टिकवू शकली नाही, पण तिच्या कोऑर्डिनेटरवर, डॅन क्विनवर, कुणी बोट रोखलं नाही. तो लगेच अटलांटाचा मुख्य प्रशिक्षक झाला. बेव्हेलवर खरोखर ठपका ठेवायचा असेल, तर तो इथे ठेवा, चौथ्या सत्रातल्या मधल्या दहा मिनिटांवर. आघाडी हातात असताना त्याच्या आक्रमणाला चेंडू फार वेळ धरून ठेवता आला नाही आणि दमलेला बचाव पुन्हा पुन्हा मैदानात आला. ते कंटाळवाणं आहे, त्याची क्लिप निघत नाही, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

बेव्हेलच्या पत्रिकेतच शेवटच्या क्षणाचं इंटरसेप्शन लिहिलेलं असावं. जानेवारी २०१० मध्ये तो मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोऑर्डिनेटर होता. न्यू ऑर्लिन्समध्ये, सुपर बोलच्या दारात, २८-२८ अशी बरोबरी, फील्ड गोलच्या टप्प्यात आलेले. हडलमध्ये बारावा माणूस शिरला म्हणून दंड झाला, संघ पाच यार्ड मागे आला, आणि क्वार्टरबॅक ब्रेट फार्वने पळता पळता आडवा फेकलेला चेंडू ट्रेसी पोर्टरने पकडला. सामना ३१-२८ ने गेला. तिथे मात्र सगळ्यांनी फार्वला धरलं. फार्व मोठा होता, त्याचं हे वागणं सवयीचं होतं, गोष्ट त्याच्याभोवती छान जमत होती.

गोष्ट जमणं हाच इथला कायदा आहे. ग्लेनडेलनंतर दोन वर्षं जातात न जातात तोच अटलांटात उलटा खटला उभा राहतो. ५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन, पुन्हा सुपर बोल. अटलांटा फाल्कन्स २८-३ ने पुढे, समोर पुन्हा न्यू इंग्लंड, मुख्य प्रशिक्षक तोच डॅन क्विन, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर काइल शानाहान. आघाडी घसरत २८-२० वर आली. तेवढ्यात ज्युलिओ जोन्सने बाजूच्या रेषेवर पायाची बोटं टेकवत झेल घेतला आणि अटलांटा समोरच्या २२ यार्डांवर, पावणेपाच मिनिटं बाकी. तीन वेळा धावा, फील्ड गोल मारा, ११ गुणांची आघाडी करा. एक धाव झाली, एक यार्ड मागे. मग पास सांगितला गेला आणि न्यू इंग्लंडच्या ट्रे फ्लॉवर्सने क्वार्टरबॅक मॅट रायनला १२ यार्ड मागे गाडला. पुढच्या चालीवर अटलांटाच्या जेक मॅथ्यूजला होल्डिंगचा दंड. फील्ड गोलचा टप्पाच गेला, पंट करावा लागला, आणि सामना ओव्हरटाइममध्ये ३४-२८ ने गेला. इथे मी शानाहानच्या विरोधात आहे. बेव्हेलला घड्याळाने पासाकडे ढकललं होतं. शानाहानला घड्याळ उलट धावायला सांगत होतं. दोन्ही वेळा आरोप एकच, धावायला हवं होतं. एकदा तो आरोप चुकीचा होता, एकदा बरोबर.

शानाहान दुसऱ्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याच्या हंगामात अटलांटाने लीगमध्ये सर्वाधिक, ५४० गुण केले होते. पुढच्या वर्षी स्टीव्ह सार्किझियन आला. तोच रायन, तोच जोन्स, तोच डेव्होन्टा फ्रीमन, आणि गुण ३५३. कोऑर्डिनेटरने काही फरक पडत नाही असं कुणी म्हटलं, तर हे दोन आकडे समोर ठेवावेत. फरक पडतो, पण तो अख्ख्या हंगामभर पडतो. एका चालीत त्याला शोधू गेलं की हाताला दुसरंच काहीतरी लागतं.

आणि सिॲटल? बेव्हेलला कॅरलने लगेच काढलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये काढलं. २०१७ च्या हंगामात संघ ९ विजय आणि ७ पराभवांवर थांबला आणि २०११ नंतर पहिल्यांदाच प्लेऑफबाहेर राहिला. त्या वर्षी विल्सनने लीगमध्ये सर्वाधिक, ३४ टचडाऊन पास फेकले. संघात सर्वाधिक यार्ड धावणाराही विल्सनच, ५८६. रनिंग बॅक म्हणवणाऱ्यांनी मिळून धावून केलेला टचडाऊन अख्ख्या हंगामात एक. लिंच केव्हाच सिॲटलमधून गेला होता. लाइनचा कणा असलेला सेंटर मॅक्स अंगर २०१५ मध्येच टाइट एंड जिमी ग्रॅहमच्या बदल्यात न्यू ऑर्लिन्सला देऊन टाकला होता. असली देवघेव कोऑर्डिनेटरच्या अखत्यारीत येत नाही. पंगतीत भात कच्चा निघाला की आचाऱ्याचं नाव निघतं, लाकडं ओली कुणी आणून टाकली हे विचारायला कुणी स्वयंपाकघराच्या मागे जात नाही. लाइनचा प्रशिक्षक टॉम केबल बेव्हेलच्या बरोबरीनेच गेला, एवढं तरी झालं.

त्याच्या जागी आला ब्रायन शॉटेनहायमर. पहिल्याच हंगामात, २०१८ मध्ये, सिॲटल धावण्यात लीगमध्ये पहिलं आलं. लोक कुरकुरू लागले, एवढा विल्सन असताना हे धावतात काय! २०२० मध्ये मग विल्सनला मोकळं सोडलं आणि संघाने ४५९ गुण केले, सिॲटलच्या तोवरच्या इतिहासातले सर्वाधिक. हंगामाच्या उत्तरार्धात गाडी अडखळली, रॅम्सकडून प्लेऑफमध्ये हार झाली, आणि विक्रम करणारा कोऑर्डिनेटर काही दिवसांत बाहेर. आता कॅरलला पुन्हा जास्त धावायचं होतं. बेव्हेलवर पासाचा आरोप, शॉटेनहायमरवर आधी धावण्याचा आणि मग पासाचा.

पुढची खुर्ची शेन वॉल्ड्रनची. पहिल्या हंगामात विल्सनचं बोट दुखावलं, संघ ७-१० वर आपटला. दुसऱ्या हंगामात विल्सन डेन्व्हरला गेलेला, जीनो स्मिथ नावाचा वर्षानुवर्षं बाकावर बसलेला क्वार्टरबॅक मैदानात, आणि सिॲटल प्लेऑफमध्ये. वॉल्ड्रनचं नाव झालं. २०२४ मध्ये शिकागो बेअर्सने त्याला आपला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर नेमलं आणि त्याच्या हाती केलेब विल्यम्स हा नवाकोरा क्वार्टरबॅक दिला. नऊ सामन्यांनंतर, न्यू इंग्लंडकडून १९-३ अशी हार झाल्यावर, त्याला काढलं. त्या एका सामन्यात विल्यम्सला नऊ वेळा पाडलं गेलं होतं. शिकागोच्या चाहत्यांनी वॉल्ड्रन गेल्याचा आनंद केला. लाइन तीच राहिली. हंगाम संपला तेव्हा विल्यम्स ६८ वेळा पडला होता, त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक.